पतीचे नाव : आठवत नाही

आमच्या ऑफिसच्या कपाटात फॉर्म साठतात आणि माझ्या डोक्यात किस्से. फॉर्मचं बरं असतं. वर्षातून एकदा कुणीतरी गठ्ठा बांधून माळ्यावर टाकतं. किश्श्यांचं काय करायचं? ते एसटीत आठवतात, बँकेच्या रांगेत आठवतात, भाजी घेताना आठवतात. मी एकटीच हसते, म्हणून भाजीवाल्या मावशी मला मूठभर कोथिंबीर जास्त देतात. बहुतेक कीव येऊन!

मी साताऱ्याची. एमएसडब्ल्यू झाल्यावर इथल्याच एका छोट्या संस्थेत लागले. काम असं की वृद्धाश्रमांत, केअर सेंटरमध्ये जायचं आणि विसरण्याचा आजार, म्हणजे डिमेन्शिया, असलेल्या आजी-आजोबांना ती जागा मानवते का ते बघायचं. दारं, पाट्या, फरशी, उजेड, आवाज, सगळ्याला मार्क. शिवाय माणसाला तिथं काय आठवतं, कोण ओळखीचं वाटतं, त्यालाही मार्क. अकरा पानी फॉर्म.

आता या कामाला धीट मुलगी लागते, आणि मी कुकरच्या शिट्टीला दचकते. मुलाखतीत आमच्या शैलाताईंनी विचारलं, "तुझा वीक पॉइंट कोणता?" तेवढ्यात बाहेर कुणीतरी टेबल ओढलं आणि मी खुर्चीतून ताडकन उठले.

"कळला," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून ये."

खाली लिहिलंय ते सगळं एकाच घरातलं. इस्लामपूरच्या बाहेर, दोन्ही बाजूंनी ऊस, मधे बैठं कौलारू घर, आत चौदा म्हातारी माणसं. कागद सांभाळायला सुनंदा सिस्टर आणि माणसं सांभाळायला मालनमावशी. मालनमावशी सातवी पास आहेत. मला कॉलेजनं दिली नाही एवढी विद्या त्यांनी दिली, तीही भाजी निवडता निवडता.

*

पहिला दिवस. फाटक ढकलून आत पाऊल टाकलं आणि मागून खणखणीत आवाज आला, "थम! कौन आता है?"

फाईल पडली. अकरा पानं अंगणभर. मी दोन्ही हात वर केले! कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप गेले.

"दोस्त म्हण," मागचा आवाज हळूच म्हणाला.

"दो... दोस्त."

"आगे बढ़ो, दोस्त!"

वळून बघते तर पांढऱ्या झुबकेदार मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात बंदुकीसारखा धरलेला झाडांना पाणी घालायचा पाइप. सुभेदार ज्ञानदेव, फौजेतून रिटायर. मी पहिलं पान उचललं आणि उभ्या उभ्याच लिहून टाकलं : 'स्थळकाळाचे भान नाही.'

मालनमावशी उरलेली पानं गोळा करत आल्या. कागदावर नजर टाकून म्हणाल्या, "आवं ताई, ह्ये शाणं हायती. पेशंट त्यांची मालकीण हाय. ह्येंचं आपलं उगंच मज्जा करणं."

मी खोडायला लागले. सुभेदार मिशीतून म्हणाले, "वा गं पोरी! पहिल्याच गोळीला आपलाच माणूस पाडलास!"

*

त्यांच्या मालकीणबाई म्हणजे ताराक्का. सुभेदारांना गावात घर आहे, ऊस आहे, शिरवळला कंपनीत मुलगा आहे. ताराक्कांना इथं आणून सोडलं आणि आठव्या दिवशी सुभेदार स्वतः काळी ट्रंक घेऊन हजर झाले. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला काही झालेलं नाही." तर म्हणाले, "सिस्टर, सगळी नोकरी फॅमिली क्वार्टरसाठी अर्ज करण्यात गेली. आता मिळालंय, तर तुमी सोडा म्हणताय?"

राहिले.

पण मुलाच्या मनात वेगळंच होतं. आईला कुणीच ओळखू येत नसेल तर तिला सांगलीच्या एका मोठ्या सेंटरला, स्पेशल वॉर्डात हलवावं, असं त्याला वाटत होतं. मुलगा वाईट नव्हता, काळजीपोटी म्हणत होता. त्या वॉर्डात फक्त पेशंट राहतात. नवऱ्याला जागा नाही. मुलानं आमच्या संस्थेला सांगितलं होतं, आईला तीन वेळा भेटून फॉर्म भरा आणि रिपोर्ट द्या, तुम्ही म्हणाल तसं करतो. घराच्या बाकी कामासाठी माझ्या खेपा व्हायच्या, त्या वेगळ्या.

म्हणजे सगळं येऊन अडलं होतं फॉर्मच्या चौथ्या पानावर. तिथं 'ओळख' असा भाग आहे आणि त्यातला नऊ नंबरचा प्रश्न सर्वांत जड : पतीचे किंवा पत्नीचे नाव.

मी विचारलं, "आक्का, तुमच्या मालकांचं नाव काय?"

ताराक्कांनी जमिनीकडे बघितलं. पदर सारखा केला. म्हणाल्या, "न्हाई."

मी परत विचारलं. परत, "न्हाई."

मी लिहिलं : 'आठवत नाही.' शून्य. दाराशी सुभेदार पाइप गुंडाळत उभे होते. तो त्यांनी दोनदा सोडला आणि दोनदा गुंडाळला.

*

पहिल्या भेटीत मी एक शिफारसही केली होती. बाथरूमवर पाटी नाही म्हणून आजी-आजोबांना ती सापडत नाही, तरी ठळक पाटी लावावी. आणि शब्द सभ्य असावा म्हणून मी स्वतःच सुचवला : 'प्रसाधनगृह'. सिस्टरनी हौसेनं इस्लामपूरहून पाटी रंगवून आणली. पिवळ्यावर काळी, फूटभर अक्षरं. मोठं चांगलं काम केल्यासारखं वाटलं मला.

दुसऱ्या आठवड्यात फोन आला. "मॅडम, पाटी लावल्यापासून लोक आत जायचेच बंद झालेत."

जाऊन बघते तर दाराबाहेर चपलांची ओळ! दोन आजी पदर घेऊन, हात जोडून उभ्या. एका आजोबांनी उजवा तळहात पुढे केलेला. मी विचारलं, "आजोबा, काय हवंय?"

"परसाद," ते म्हणाले. "पाटी लावलीया, पण कवाधरनं कोण दारच उघडंना!"

तिथं एक गुरुजी राहतात, शाळामास्तर होते. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता येत नाही, पण अक्षर अजून मोत्यासारखं. त्यांनी भिंतीवर खडूनं लिहिलं : 'संडास'. चपला घालून सगळे धडाधड आत गेले. गुरुजी माझ्याकडे वळले. "बाळ, शुद्धलेखन दहापैकी दहा," ते म्हणाले. "उपयोग शून्य."

तो शेरा मी आमच्या ऑफिसात भिंतीला लावलाय. पाटी करायच्या आधी वाचते.

*

याच गुरुजींमुळे मला काळ्या मॅटचा धडा मिळाला. जेवणाच्या खोलीच्या दारात सिस्टरनी नवीन काळीभोर मॅट टाकली होती. दुपारी जेवायची घंटा झाली, गुरुजी सर्वांच्या पुढे, आणि दारात जाऊन थबकले.

"थांबा रे सगळे! पुढं विहीर आहे. कठडासुद्धा नाही बांधलेला!"

मागची रांग जागच्या जागी थांबली. आत आमटी निवत चाललेली. ज्यांची नजर आणि मेंदू थकलाय त्यांना जमिनीवरचा काळा चौकोन खड्ड्यासारखा दिसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि चौदा भुकेली माणसं विहिरीच्या काठावर उभी बघणं वेगळं.

"गुरुजी, ही मॅट आहे," मी म्हणाले. "हे बघा, मी उभी राहते."

मी पाय ठेवला. फरशी नुकतीच पुसलेली. मॅट सरकली आणि मी किंचाळत आडवी!

गुरुजींनी शांतपणे मागे वळून सर्वांना सांगितलं, "बघा. पडली."

"पवाया येतंय का तिला?" मागून कुणीतरी काळजीनं विचारलं.

मला उचलायला पाच जण धावले. पण काठाला थांबून, हात लांब करून! त्यातल्या तिघांना माझं नावही माहीत नव्हतं. विहिरीत पडलेल्या मुलीला बाहेर काढायचं एवढं मात्र पक्कं माहीत होतं. मॅट त्याच दुपारी गेली.

*

जतच्या एक आजी होत्या. जतच्या हे सुद्धा आम्हाला नंतर कळलं, कारण कागदावर मुलाचा पुण्याचा पत्ता होता. आल्यापासून एक शब्द नाही. काही विचारलं की नुसतं बघायच्या. मी फॉर्मवर लिहिलं होतं : 'बोलत नाहीत.'

उन्हाळ्यात बोअरचं पाणी आटलं आणि टँकर मागवला. टँकरवाल्यानं फाटकाशी येऊन असा हॉर्न वाजवला की मी टेबलाखाली. (खरंच टेबलाखाली. लाजायचं काय त्यात!) तिथूनच मला दिसलं की आजी कॉटवरून उठल्या, दोन बादल्या उचलल्या आणि अख्खं घर दणाणून टाकलं, "नीरु बंतु! नीरु बंतु!"

कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं चोर आले. सिस्टर म्हणाल्या, "लिहा मॅडम, आरडाओरडा करतात."

"थांबा वो," मालनमावशी म्हणाल्या. त्यांचं माहेर पार सीमेवरचं. "पाणी आलं म्हणत्यात त्या! कानडी हाय ती!" आणि त्या आजींच्या पाठीमागं पळाल्या, "बंतु, अज्जी, बंतु!"

आजी थांबल्या. मावशींकडे बघितलं. आणि मग जो काय बांध फुटला! संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. सून, मेंढरं, ज्वारी, पाऊस, कुणाचं तरी लग्न. मावशी हो हो करून दमल्या. जाताना मला म्हणाल्या, "सा म्हैनं गप हुती. आता गप बसंना!"

मी 'बोलत नाहीत' खोडलं आणि लिहिलं : 'आम्हाला समजत नाही.'

*

फॉर्ममध्ये एक रकाना आहे, 'सायंकाळची अस्वस्थता'. दिवस कलायला लागला की अशी माणसं बेचैन होतात, उठबस करतात, दाराकडे जातात. पुस्तकात त्याला बरीच कारणं दिली आहेत. मी पाच वाजता व्हरांड्यात बसून नोंद करत होते. एक आजी उठल्या, दुसऱ्या उठल्या, मग ताराक्का. सगळ्या फाटकाकडे.

"कुठं निघालात?"

"धारा काढायच्यात की!"

शेतकऱ्याघरच्या बायका. पन्नास-पन्नास वर्षं याच वेळेला गोठ्यात बसलेल्या. त्या घरी बसतील कशा? सिस्टर फाटकाला कुलूप घालायला निघाल्या, तर मालनमावशींनी मधेच आवाज टाकला, "आक्का, तुमची म्हस लाथ मारती व्हय गं?"

झालं! सगळ्या परत फिरल्या, व्हरांड्यात गोल करून बसल्या आणि भांडण सुरू. कुणाची म्हैस गुणाची, कुणाची दूध चोरायची, कुणाची रेडकाशिवाय पान्हा सोडायची नाही. सहा वाजेपर्यंत एकीलाही फाटक आठवलं नाही.

मीही धीर करून विचारलं, "ताराक्का, तुमची म्हैस कशी होती?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुज्यावाणी," त्या म्हणाल्या. "कागद फडफडला तरी बिचकायची!"

*

फॉर्मची दुसरी भेट. मी व्हरांड्यात चप्पल काढत होते, तर आत सुभेदार शिकवणी घेत होते.

"तारा, ती पोरगी इचारंल, ह्ये कोण? तवा काय सांगायचं?"

"काय?"

"मालक."

"कुणाचं?"

"तुजं!"

"अगं बया!" ताराक्का पदर तोंडाला लावून हसल्या. भरतीच्या पोराला तयार करावं तसं सुभेदारांनी चार वेळा घोकून घेतलं. मी बाहेरच थांबले. मनात म्हणत होते, आक्का, जमवा.

आत जाऊन विचारलं, "आक्का, हे कोण?"

ताराक्कांनी सुभेदारांकडे बघितलं. मग माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "पाव्हणं हायती. चांगल्या घरचं दिसत्यात. च्या दिलासा का त्येंस्नी?"

माझं पेन उठेना. सुभेदारच हसले. "लिव्ह गं, काय हुईत न्हाई. नवरा हुतो तवा सोताहून कवा च्या इचारला न्हाई. आता पाव्हणा झालो, तर दिसातनं चारदा इचारती!"

मग नऊ नंबरचा प्रश्न. मालकांचं नाव काय? जमिनीकडे नजर, पदर, "न्हाई."

दुसरं शून्य.

मला सोडायला सुभेदार फाटकापर्यंत आले. म्हणाले, "सांगलीच्या त्या वॉर्डात भेटाया कवा देत्यात?"

"रविवारी," मी म्हणाले.

"म्हंजे परत रजेवरच भेटायचं," ते म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना सकाळीच घातलं होतं.

एसटीत मी शैलाताईंना फोन केला आणि चक्क रडले. शेजारच्या बाईंनी कुणाचं कोण गेलं म्हणून विचारलं. शैलाताई ऐकून घेऊन म्हणाल्या, "प्रज्ञा, तू घाबरट आहेस हे या कामात बरंय. घाबरट माणूस दोनदा तपासतो. तिसऱ्या वेळी जा, आणि फॉर्म पिशवीतून काढूच नकोस."

*

तिसरी भेट. फॉर्म पिशवीत. मी मालनमावशींबरोबर मेथी निवडत बसले होते. न राहवून म्हणाले, "मावशी, आक्का सगळं बोलतात. म्हशीचं बोलतात, माझी टिंगल करतात. नवऱ्याचं नाव तेवढं गेलं हो डोक्यातून."

"तुमी कसं इचारलंसा?"

"सरळ. मालकांचं नाव काय म्हणून."

मावशींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "आवं ताई! सरळ इचारल्यावर कोण सांगतंय? तीस वर्सं झाली माज्या लग्नाला, मी तरी कवा त्यांचं नाव घेतलंय? रेशनच्या दुकानात सुदीक लेकाला म्होरं करते, तू सांग म्हणून. आन आक्का तर माज्या आईच्या वयाची!"

मी मेथी हातात धरून तशीच. माझी आई बाबांना नावानं हाक मारते. मी कॉलेजात शिकले. दोन वेळा मी त्या बाईला अनोळखी पोरीसमोर नवऱ्याचं नाव घ्यायला सांगत होते, आणि ती अदबीनं नाही म्हणत होती.

चारची चहाची घंटा झाली. सगळे जेवणाच्या खोलीकडे निघाले. मावशी उठल्या, ओल्या हातानं दाराच्या दोन्ही बाजू धरून आडव्या उभ्या राहिल्या. "आक्का, नाव घेतल्याबिगर आत सोडायची न्हाई!"

ताराक्का थांबल्या. पाठ ताठ झाली. पदर डोक्यावरून घेतला, एक हात वर गेला, डोक्यावरची पाटी सावरावी तसा. आणि न अडखळता,

"वाट सोडा वन्सं, डोईवर हाय भाकर,
शंकररावांचं नाव घेते, च्यात घाला साखर!"

टाळ्या! गुरुजी "वा, वा!" करून उठून उभे राहिले. जतच्या आजींना एक अक्षर कळलं नसेल, पण सर्वांत जोरात त्याच वाजवत होत्या.

मी मात्र टाळी वाजवता वाजवता थांबले. कारण फॉर्मवर नाव आहे ज्ञानदेव. आधार कार्डावर ज्ञानदेव. मुलाच्या नावामागं ज्ञानदेव. हा शंकर कोण? शून्य परवडलं असतं. नवऱ्यासमोर, चौदा माणसांत, भलत्याच माणसाचं नाव!

सुभेदार व्हरांड्याच्या पायरीवर खाली बसले होते. मिशा भिजलेल्या. मी जवळ जाऊन कसंबसं म्हणाले, "आजोबा, मी काही ऐकलं नाही. मी हे लिहीत नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं. मी दचकले, पण सोडवून घेतलं नाही.

"शंकर मीच गं," ते म्हणाले. "ज्ञानदेव माजा थोरला भाऊ. शाळंत असतानाच आजारानं गेला. लगीन झालं आन दोन म्हैन्यांनी मी भरतीला गेलो, तर वय कमी पडलं. तवा बानं त्याचा शाळंचा दाखला हातात दिला. तवापासनं साऱ्या दुनियेला मी ज्ञानदेव. पोराला सुदीक ठाव न्हाई. शंकर म्हणणारं घरात कोणच उरलं न्हवतं." त्यांनी आत बघितलं. आत ताराक्का मावशींना अजून थोडी साखर घालायला सांगत होत्या.

मी पिशवीतून फॉर्म काढला. चौथं पान. नऊ नंबर, पूर्ण मार्क. खाली शेवटच्या ओळीत लिहिलं : 'हलवू नये. दोघांनाही.' मग वर जाऊन नावाच्या रकान्यात ज्ञानदेव खोडून नीट, सुवाच्य अक्षरात 'शं' काढला.

सुभेदारांनी झडप घालून पेनच धरलं. इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "आगं ए, नाव नगं लिवूस! सरकारला अजून पत्ता न्हाई!"